विटेवरचा मोबाइल

भाऊबीज आटोपली की मध्य प्रदेशातल्या आमच्या लांजीच्या आसपास मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. रात्रभर दंडारीचं लोकनाट्य नाहीतर नाटक, आणि सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी माणसं धान कापायला बांधीत उतरतात. आमच्या भागातली हौशी फिल्म बनवणारी पोरं नेटवरच्या व्हिडिओंतून काय घेतात, याचा आढावा लिहायला बसलो तेव्हा मला आधी मंडईच आठवली. दंडारीत बाईचं सोंग घेणारा नाच्या कोणत्या शाळेत शिकला? लहानपणी पुढच्या रांगेत मांडी घालून त्यानं पाहिलं, दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एकटाच तसं चालून पाहिलं. पाहायचं आणि करून पाहायचं, हीच आमच्या मुलखाची रीत.

मी 1988 पासून लग्नाची शूटिंग केली. खांद्यावर व्हीएचएसचा कॅमेरा, मागे लाइट धरणारा पोरगा, आणि मिक्सिंगसाठी आमगावहून गाडी धरून पुढची धावपळ. त्या दिवसांत 'आयडिया' कुठून यायची, तर दुसऱ्याच्या लग्नाच्या कॅसेटमधून. कुणी नवरीचा चेहरा हळदीच्या ताटात दाखवला की पुढच्या सीझनला सगळ्या तालुक्याच्या नवऱ्या ताटात. तेव्हा ती नक्कल मला खटकली नाही, आजही खटकत नाही. आमचे काही विद्वान मित्र सभासंमेलनांत सांगतात की, नेटवर पाहून बनवलेली फिल्म ही उष्टी फिल्म. खरा कलावंत कोऱ्या पाटीनं सुरुवात करतो. मला हे साफ नामंजूर आहे, आणि इतिहास माझ्या बाजूनं आहे.

1896 च्या 7 जुलैला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं दाखवली गेली. ती पाहून सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, विलायतेहून कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनला कुस्तीचं चित्रण केलं. पाहिली होती फ्रेंच माणसांची चित्रं, टिपले आपले पैलवान. दादासाहेब फाळक्यांचंही तेच. गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताचं जीवन पडद्यावर पाहताना त्यांना कृष्ण आणि राम दिसू लागले. पुढे विलायतेहून कॅमेरा आणल्यावर भांडवल देणाऱ्यांना पटावं म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि थोड्या थोड्या वेळानं एकेक फ्रेम घेत त्याच्या वेलाची वाढ दाखवली. 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा. त्याच्या आधीची ही कुंडी. आज आमच्या पोरांच्या मोबाइलमध्ये टाइम-लॅप्सचं बटण असतं. लांजीच्या एका पोरानं चार वर्षांमागे धानाच्या पऱ्ह्यांवर ते लावलं, तेव्हा त्याला फाळके माहीत नव्हते. मी सांगितलं. त्यानं डोक्याला हात लावला आणि म्हणाला, "भाऊ, मग माझी कुंडी कुठाय?" दुसऱ्या दिवसापासून त्याच्या घराच्या ओसरीवर डब्यात वाटाणा.

मधला काळ भरभर सांगतो. यूट्यूब 2005 चं. आमच्याकडे ते खऱ्या अर्थानं आलं 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं तेव्हा. त्याआधी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं, त्यात गाणी आणि मारामारीचे तुकडे. नंतर डेटा स्वस्त झाला आणि शिकवणाऱ्या व्हिडिओंचा पूर आला. कोणता लेन्स, कोणता गिंबल, कोणता रंग, फ्रेम कशी विभागायची. दोन-तीन वर्षं आमची पोरं तेच पाहत बसली. मी विचारायचो, काय बनवलं? उत्तर यायचं, अजून माइक यायचा आहे. या व्हिडिओंवर याहून जास्त शाई खर्च करावी असं मला वाटत नाही.

माझा हट्ट वेगळा होता आणि अजूनही आहे. पोरांनी जुन्या, मुक्या, छोट्या फिल्म पाहाव्यात. त्या नेटवर फुकट पडल्या आहेत आणि त्या पाहायला ना इंग्रजी लागतं ना फ्रेंच. आमच्याकडे शाळा हिंदीत, घर मराठीत, बाजार पोवारीत. अशा पोराला ज्या फिल्ममध्ये बोलणंच नाही, ती सगळ्यात जवळची.

ल्युमिएरच्या फिल्म घ्या. एकेक जेमतेम पन्नास सेकंदांची. कॅमेरा तिपाईवर ठेवला, दांडी फिरवली, रीळ संपलं, फिल्म संपली. कारखान्यातून सुटलेल्या कामगारांची फिल्म 1895 ची. तेच दार, तेच कामगार, पण त्यांनी ती तीनदा घेतली. एकीत गाडीला एक घोडा, दुसरीत दोन, तिसरीत घोडाच नाही. मी पोरांना तिन्ही एकापाठोपाठ दाखवतो. जगातली पहिली म्हणून मिरवणारी फिल्मही 'अजून एकदा घेऊ' म्हणून घेतलेली आहे, हे कळलं की त्यांच्या मनावरचं ओझं उतरतं. मग बाळाला भरवण्याची फिल्म. आईबाप बाळाला भरवताहेत, आणि त्या काळच्या प्रेक्षकांना कौतुक वाटलं ते मागच्या झाडाच्या हलणाऱ्या पानांचं. हे सांगितल्यावर पोरं पुन्हा पाहतात, या वेळी बाळाकडे नाही, पानांकडे.

त्यानंतर माझा नियम. मोबाइल आडवा धरायचा, विटेवर ठेवायचा, हात लावायचा नाही, एक मिनिट. पहिल्या वर्षी कुणी ऐकलं नाही. लांजीच्या किल्ल्याच्या दारात, लंजकाईच्या देवळासमोर सगळ्यांना मोबाइल फिरवायचा होता. मग एका पोरानं रोवणीच्या वेळी धुऱ्यावर वीट मांडली. फ्रेममध्ये नुसतं चिखलाचं पाणी आणि त्यात आभाळ. उजवीकडून बाया पाठमोऱ्या येतात, वाकलेल्या, एकेक पाऊल मागे सरत. त्या सरकतात तसं आभाळ हिरव्यानं भरत जातं. चाळिसाव्या सेकंदाला एक बगळा उतरतो, चार पावलं चालतो, निघून जातो. मिनिट संपताना पाण्याचा हातभर तुकडा तेवढा उरलेला असतो. मी तीस वर्षं कॅमेरा खांद्यावर वागवला आणि रोवणी दरवर्षी पाहिली. बायांच्या पाठीमागे आभाळ असं मिटत जातं, हे मला त्या पोरानं दाखवलं.

दुसरी गोष्ट माळ्याची. ल्युमिएरच्या फिल्ममध्ये पोरगा पाइपवर पाय देतो, पाणी थांबतं, माळी नळीत डोकावतो, पाय उचलला की चेहऱ्यावर फवारा. आमच्या एका पोरानं हे बाडीत वांग्यांना पाणी देणाऱ्या काकांवर करायचं ठरवलं. काकांना सांगितलंच नाही. फवारा झकास बसला, पण मोबाइलची मेमरी भरलेली निघाली. दुसऱ्यांदा घेतलं तर काकांना ठाऊक. पाणी यायच्या आधीच डोळे मिटले. पोरगा रडवेला झाला. आठ दिवसांनी त्यानं काकूंवर प्रयोग केला. पाणी थांबलं, पण काकू नळीत डोकावल्याच नाहीत. त्या सरळ मागे वळल्या, पाइपचा माग काढत पोराच्या पायापर्यंत आल्या आणि तिथून फ्रेमबाहेर दोघांची पळापळ. विटेवरच्या मोबाइलमध्ये उरली नुसती बाडी आणि मोकाट सुटलेला पाइप, पाणी उडवत वळवळणारा. नक्कल करता करता मूळ सुटलं आणि काकू सापडली. उष्टी फिल्म म्हणणाऱ्यांनी ही एकदा येऊन पाहावी.

कॅनडाच्या नॉर्मन मॅकलॅरनची 'नेबर्स' ही आठ मिनिटांची फिल्म 1952 ची. दोन शेजारी, मधे उगवलेलं एक फूल, आणि ते कुणाच्या हद्दीत यावरून जीव जाईपर्यंत हाणामारी. जिवंत माणसांना बाहुल्यांसारखं हलवत फ्रेमगणिक घेतलेली. माणसं पाय न उचलता घसरत जातात. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळानं ती नेटवर मोफत ठेवली आहे. आमच्या पोरांना ती समजावून सांगावी लागली नाही. "ही तर धुऱ्याची भांडणं," एकजण म्हणाला. त्यांनी तीच युक्ती वापरून दोन भाऊ आणि वीतभर सरकलेला धुरा अशी फिल्म केली. दीड मिनिटाच्या फिल्मला दोन दिवस आणि साडेसातशेच्या वर फोटो. गावात दाखवली तेव्हा हसणारे हसले. दोन घरची माणसं मात्र गप्प बसली होती.

या वाटेवर आपल्याकडचंही पुष्कळ आहे. फिल्म्स डिव्हिजनच्या जुन्या फिल्म नेटवर आहेत. एस. एन. एस. शास्त्रींची 1967 ची 'आय अ‍ॅम 20' पाहून पोरींनी गावातल्या विशीतल्यांना बोलतं केलं. पोरींना उत्तरं मोकळी मिळाली, पोरांना मिळाली नसती. बाहेरचं म्हणाल तर जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या फिल्ममध्ये माणसं स्थिर असतात तेव्हा मागे पाऊस, वारा, धूर कसा हलत असतो, हे दाखवणारा टोनी झाऊचा एक व्हिडिओ आहे. समजावून सांगणाऱ्या व्हिडिओंपैकी हा एक मी स्वतः दाखवतो, कारण तो पाहून उठलेला पोरगा माइक शोधत नाही, वारा शोधतो.

बाकी घडामोडी सर्वांना ठाऊक आहेत. मालेगावच्या नासिर शेख यांनी व्हिडिओ पार्लरमधून उठून 2000 च्या सुमारास 'मालेगाव के शोले' केला, त्या गावात बनलेल्या सुपरमॅन सिनेमावर फैजा अहमद खान यांचा माहितीपट झाला आणि आता हिंदी सिनेमाही आला. साताऱ्याकडच्या 'गावाकडच्या गोष्टी'नं मराठी खेड्याला नेटवर घर दिलं. आमच्या शेजारच्या छत्तीसगडात रायपूरजवळचं तुळसी गाव तर व्हिडिओ बनवणाऱ्यांचंच म्हणून ओळखलं जातं. या सगळ्यांचा मला अभिमान आहे. फक्त आमच्या पोरांनी यांच्या गोष्टी उचलू नयेत, यांचं धाडस उचलावं.

आता दुखतं ते सांगतो. गेल्या दोन-तीन वर्षांत मोबाइल उभा झाला. तीस सेकंदांचं रील, वर उसनं गाणं. मंडईचे शेकडो व्हिडिओ निघतात, पण त्यांत मंडईचा आवाज नसतो. ढोलकी नाही, पाळण्याची करकर नाही, भजेवाल्याची हाक नाही. किल्ल्यावर ड्रोन उडतो, किल्ला वरून सगळा एकसारखा दिसतो. पूर्वी आठ-दहा पोरं माझ्या दुकानात एका स्क्रीनभोवती बसायची, एक फिल्म तीनदा पाहायची, भांडायची. आता प्रत्येकजण आपापल्या गोधडीत एकटा पाहतो, अंगठ्यानं पुढे सरकवतो. मला काय दाखवायला आणतात? आकडा. किती जणांनी पाहिलं. कुणी काय पाहिलं, हे विचारणारं उरलं नाही.

हे इतकं का लागतं, त्याचं कारण माझ्या कपाटात आहे. 1994 च्या मंडईत मी एका गावची दंडार रात्रभर शूट केली होती. दोन कॅसेट. लग्नाच्या कॅसेट लोक घेऊन गेले, या माझ्याकडेच राहिल्या, आणि पावसाळ्यांत त्यांना बुरशी धरली. व्हीसीआरचं हेड साफ करून, टेप पुसून, सगळं करून पाहिलं. पडद्यावर पांढऱ्या रेघा येतात आणि मधूनच क्षणभर एक चेहरा, रंग फासलेला, डोळे खाली. त्या संचातला नाच्या आता नाही, ढोलकीवालाही नाही. त्या दंडारीतली पदं म्हणणारा माणूस मला तालुक्यात सापडलेला नाही.

म्हणून यंदा मी पोरांना एकच काम दिलंय. दंडार नको, स्टेज नको. संध्याकाळी कुणाच्या तरी ओसरीवर बल्बखाली माणसं तोंड रंगवायला बसतात, तिथे वीट मांडायची. रोवणीवाला पोरगा परवा आला होता. म्हणाला, "भाऊ, एका मिनिटात त्याचा अर्धाच चेहरा रंगून होतो." मी म्हटलं, अर्धा चालेल. तो थोडा वेळ विचार करत बसला आणि मग विचारलं, वीट आरशाच्या कोणत्या बाजूला ठेवू.