सौर पॅनेलला उसाचं अस्तर

लोणी काळभोरच्या तेल डेपोत मुंबईकडून जमिनीखालच्या वाहिनीनं पेट्रोल येतं आणि कारखान्यांकडून टँकरनं इथेनॉल. दोन्ही एकत्र होऊन ते वीस टक्के मिश्रणाचं इंधन म्हणून पंपांवर जातं. हा पट्टा मुळा-मुठेच्या पाण्यावरच्या उसाचा. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथून जवळ, आणि थेऊरचा यशवंत सहकारी साखर कारखाना दहा वर्षांहून अधिक काळ बंद. उसाची मळी शेवटी इंजिनात जळते, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. पण त्याच इथेनॉलपासून, म्हणजे अल्कोहोलपासून, सौर पॅनेलमधलं प्लॅस्टिक करता येतं, याची चर्चा या उसाच्या पट्ट्यात फारशी होत नाही. सौर ऊर्जेत वनस्पतीला जागा द्यायची असेल तर ती वीज तयार करणाऱ्या घटात शोधू नये, घटाच्या अस्तरात शोधावी, असं माझं म्हणणं आहे.

वनस्पतीजन्य सौरघट म्हटलं की बातम्यांत जांभूळ हटकून येतं. 1991 मध्ये ओ'रेगन आणि ग्रेट्झेल यांनी रंगद्रव्यावर चालणारा स्वस्त सौरघट दाखवला, त्याची कार्यक्षमता सात टक्क्यांच्या वर होती. महागड्या रुथेनियमच्या रंगाऐवजी फळाफुलांचा रंग वापरायचे प्रयत्न तेव्हापासून चालू आहेत. रुरकीच्या आयआयटीत 2017 मध्ये जांभळाचा रंग वापरला गेला. कार्यक्षमता भरली अर्ध्या टक्क्याच्या आसपास. अमेरिकेत जॉर्जिया टेक आणि पर्ड्यूच्या संशोधकांनी 2013 मध्ये झाडाच्या सेल्युलोजच्या पातळ पत्र्यावर घट बसवला. तो पाण्यात टाकला की सुटा होतो, ही कल्पना मला फार मोलाची वाटते, पण त्याची कार्यक्षमता 2.7 टक्के होती. बाजारातलं सिलिकॉनचं पॅनेल वीस टक्क्यांच्या पुढे गेलेलं आहे. म्हणजे तेवढ्याच विजेसाठी जांभळाच्या घटाला चाळीसपट जागा हवी, आणि चाळीसपट काच, लोखंड, तारासुद्धा. असला हिरवेपणा परवडायचा नाही.

मग पॅनेल उघडून पाहू. वजनाचा सुमारे सत्तर टक्के भाग काचेचा, त्यानंतर अॅल्युमिनियमची चौकट. ज्याच्यासाठी हा सगळा थाट, ते सिलिकॉन जेमतेम तीन-चार टक्के, आणि त्याच्या चकत्या पोस्टकार्डापेक्षाही पातळ. उरलेला साधारण दहावा भाग प्लॅस्टिकचा. चकत्यांच्या खाली-वर ईव्हीए नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या दोन चादरी घालतात आणि सुमारे दीडशे अंशांवर दाबतात. तेव्हा ते वितळून काचेला आणि सिलिकॉनला असं चिकटतं की पुन्हा वितळतच नाही. पाठीला पांढरं अस्तर असतं, म्हणजे पाण्याच्या बाटलीतलं पीईटी आणि पुष्कळदा त्यावर फ्लोरिनयुक्त प्लॅस्टिकचा लेप. पॅनेल भंगारात जाळलं तर या लेपातून हायड्रोजन फ्लोराइडचा विषारी वायू निघतो. आता दोन्ही बाजूंना काच असलेली पॅनेल वाढत आहेत. त्यांना अस्तर लागत नाही, पण मधला चिकट थर कुणालाच चुकत नाही.

हा थर उसापासून होऊ शकतो. ब्राझीलची ब्रास्केम कंपनी 2010 पासून उसाच्या अल्कोहोलचं पॉलिथिन करते, 2018 पासून ईव्हीएही करते. आपल्याला हे नवं नाही. पश्चिम बंगालमधल्या रिश्रा इथे 1959 मध्येच अल्कोहोलपासून पॉलिथिन निघत होतं. पुढे मुंबई-ठाण्यात खनिज तेलातल्या नाफ्थ्याचे प्रकल्प आले आणि ती वाट मोडली. उत्तराखंडात काशीपूरला मळीपासून ग्लायकॉल होतं, आणि पीईटीच्या वजनात ग्लायकॉलचा वाटा तीस टक्के. पुणे जिल्ह्यातच नीरेला अल्कोहोलपासून अॅसिटिक गटातली रसायनं बनतात. अल्कोहोलपासून मिळणाऱ्या इथिलीनसोबत ईव्हीएला लागणारी दुसरी कडी तीच.

यावर पहिला आक्षेप पाण्याचा, आणि तो रास्तच आहे. उसानं महाराष्ट्राचं किती पाणी प्यावं हा वाद जुना आहे. पण हिशेब करून पाहा. 550 वॅटच्या पॅनेलमध्ये दोन-सव्वादोन किलो ईव्हीए असतं. त्यासाठी ढोबळमानानं पाच लिटर इथेनॉल लागेल. साखर काढून झाल्यावर टनभर उसाच्या मळीतून साधारण दहा लिटर इथेनॉल निघतं. म्हणजे एका पॅनेलला अर्ध्या टन उसाची मळी पुरते, नवा ऊस लावायला नको. मोटारसायकलची टाकी दोन-तीनदा भरली की एवढं इथेनॉल जळून जातं. पॅनेलमध्ये ते पंचवीस वर्षं टिकतं. 2024-25 मध्ये देशात सुमारे 24,000 मेगावॅट सौरक्षमता वाढली. ती सगळी पॅनेल उसाच्या ईव्हीएची असती तरी बावीस कोटी लिटर पुरले असते. पेट्रोलमध्ये वर्षाला हजार कोटी लिटरच्या घरात इथेनॉल जातं.

दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा, आणि तो जास्त खोल आहे. वनस्पतीजन्य म्हणजे कुजणारं, असा एक गोड गैरसमज आहे. जेजुरीला प्राज कंपनीनं 2024 मध्ये पॉलिलॅक्टिक आम्लाच्या प्लॅस्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. पॅकिंगला ते उत्तम, पण साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं, आणि मे महिन्यात पत्र्यावरचं पॅनेल तेवढं सहज तापतं. अस्तराला एरंड बरा. ओसाड गावचा बळी म्हणून आपण त्याला हिणवतो, पण एरंडेलाचं नायलॉन-11 हे 180 अंशांच्या पुढे वितळतं आणि मोटारींच्या इंधननळ्यांत वर्षानुवर्षं चालतं. इथे मात्र सावध राहायला हवं. 2010 च्या सुमाराची नायलॉन-12 ची अस्तरं दहा वर्षांच्या आतच ठिकठिकाणी तडकली. ती खनिज तेलापासूनची होती, पण कूळ तेच. म्हणून 85 अंश उष्णता आणि 85 टक्के दमटपणात हजार तास ठेवण्याची नेहमीची चाचणी पुरेशी नाही. पवईच्या आयआयटीनं देशभरच्या पॅनेलची जशी प्रत्यक्ष पाहणी केली, तशी या अस्तरांची आपल्या उन्हात व्हायला हवी.

तिसरा मुद्दा मी स्वतःच मांडतो. पॅनेलच्या कार्बनभाराचा मोठा वाटा सिलिकॉन शुद्ध करण्यात जाणाऱ्या कोळशाच्या विजेचा आहे, प्लॅस्टिकचा थोडाच. शिवाय उसाचं ईव्हीए रेणूनं नाफ्थ्याच्या ईव्हीएसारखंच असतं, तितकंच न सुटणारं. त्यामुळे नुसतं मूळ बदलून भागत नाही. पुन्हा वितळणारा, तापवला की काच आणि सिलिकॉन सोडणारा चिकट थर हवा, आणि तशी पॉलिओलेफिनं इथिलीनपासूनच, म्हणजे अल्कोहोलपासूनही होऊ शकतात. सेल्युलोजच्या त्या घटाकडून घ्यायचं ते हे सुटं होणं. 2022 च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेल आली, पण त्यांचा कचरा 2034-35 पर्यंत साठवून ठेवा, असं उत्पादकांना सांगितलं आहे. साठवलेल्या ढिगाचं पुढे काय, हे त्यातल्या चिकट थरावर ठरणार.

शेतीसाठी सौर प्रकल्पांच्या निविदा राज्यात सतत निघत आहेत. त्यांत फ्लोरिनविरहित अस्तर आणि सुटा होणारा थर, एवढ्या दोन अटी महावितरणनं घालाव्यात. आज बसणारी पॅनेल 2050 च्या सुमारास खाली उतरतील.