मोटारीचे निदान आणि हमीचे अर्थकारण

पाचामुखी परमेश्वर ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्यावर मोटारदुरुस्तीच्या गॅरेजची पायरी चढण्याचा प्रसंग बहुधा आला नसावा. तेथे पाच मुखांतून पाच निदाने बाहेर पडतात आणि प्रत्येक निदान सारख्याच ठामपणे सांगितले जाते. एखाद्या शिक्षकाने वा बँकेतील कारकुनाने कर्ज काढून लहानशी मोटार घेतली आहे, हमीची मुदत संपावयास अजून काही महिने आहेत आणि पहिल्या गिअरमध्ये उचलताना, विशेषतः चढावर, गाडी थरथरू लागली आहे, अशी कल्पना करावी. अधिकृत सेवाकेंद्र म्हणते, क्लचवर पाय ठेवून गाडी चालविण्याची सवय भोवली; क्लचप्लेट हा झिजणारा भाग, तो हमीत येत नाही. नाक्यावरचा अनुभवी मेकॅनिक म्हणतो, इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल पाझरून प्लेटवर येत असावे. प्लेट बिचारी निरपराध आहे. तिसरा इंजिनाच्या माउंटिंगवर बोट ठेवतो. गाडीचा मालक मात्र कोणाचे ऐकावे या विवंचनेत घरी परततो.

या तिघांपैकी कोणी खोटे बोलत आहे असे गृहीत धरण्याचे कारण नाही. एकाच लक्षणामागे अनेक कारणे संभवतात, हे वैद्यकाप्रमाणेच यंत्रशास्त्रालाही लागू आहे. संगणक जोडून दोषाचा क्रमांक वाचता येतो खरा. पण तो क्रमांक बहुतांशी लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. मिश्रणात इंधन कमी पडते असे यंत्राने नोंदविले, तर पंप दुबळा आहे, नळीतून हवा शिरते आहे, की हवेचे मापन करणारा सेन्सरच मळला आहे, हे शोधण्याचे काम माणसाकडेच राहते. क्लचच्या थरथरीबद्दल तर संगणक अनेकदा काहीच सांगू शकत नाही.

तथापि मतभेदाचे दुसरे कारण यंत्रात नसून हिशेबात असते आणि ते अधिक विचार करण्याजोगे आहे. जुन्या मोटारींच्या बाजारात विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते, या साध्या निरीक्षणावर जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये एक निबंध लिहिला. २००१ च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांत त्यांचा समावेश झाला. १९७३ मध्ये मायकेल डार्बी व एडी कार्नी यांनी एक पाऊल पुढे टाकून अशा सेवांचा विचार केला, की ज्यांची गरज होती की नव्हती हे त्या घेऊन झाल्यावरही ग्राहकाला उमगत नाही. दुरुस्ती ही त्यांतलीच. निदान करणारा आणि त्या निदानावर पैसे मिळविणारा एकच असला, की निदानाला नकळत कल येतो.

हमीच्या मुदतीत हा कल उलटा फिरतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एरवी दोष सापडला तर गॅरेजला उत्पन्न. हमीत मात्र दुरुस्तीचा खर्च सेवाकेंद्राला उत्पादकाकडून मागून घ्यावा लागतो, तो उत्पादकाने ठरविलेल्या दराने मिळतो आणि दावा फेटाळला गेला तर केंद्राच्या अंगावर पडतो. ‘या मॉडेलला एवढा आवाज असतोच’ या सुप्रसिद्ध वाक्याचा उगम पुष्कळदा येथे असतो. उलट बाहेरच्या मेकॅनिकला हमीशी देणेघेणे नसते; दोष आहे असे म्हणण्यात त्याचे काही जात नाही आणि आपण अधिकृत केंद्राहून जाणते आहोत हे दाखविण्याचा आनंद पदरी पडतो. म्हणून कोण प्रामाणिक या प्रश्नापेक्षा, कोणते उत्तर दिल्यास कोणाच्या खिशाला तोशीस लागते, हा प्रश्न मालकाने आधी विचारावा. बहुमत मोजण्यात अर्थ नाही. एकाच हितसंबंधाची तीन मते ही एकाच मताची तीन प्रतिध्वने होत.

वरच्या उदाहरणात वाद मिटविणारी गोष्ट एकच आहे. गिअरबॉक्स उतरवून प्लेट पाहणे. ती कोरडी, करपलेली वा झिजलेली निघाली तर सेवाकेंद्राचे म्हणणे बळावते. तेलाने माखलेली निघाली तर सीलकडे संशय वळतो आणि प्लेटची नासाडी हा त्या दोषाचा परिणाम ठरतो. मग सील व तिच्यापायी गेलेली प्लेट या दोहोंबद्दल मागणी करता येते. अर्थात हमीपुस्तिकेतील वगळलेल्या भागांची यादी आधी बारकाईने वाचलेली हवी. परंतु उतरविण्याची मजुरी कोणी द्यावयाची? येथे कागदावर सही मागितली जाते. ‘झीज आढळल्यास खर्च ग्राहकाचा’ एवढेच वाक्य लिहिलेले असेल, तर ‘दोष आढळल्यास मजुरीसह खर्च कंपनीचा’ हा दुसरा अर्धा भाग त्याच कागदावर लिहून घेतल्याशिवाय सही करू नये. उघडताना समक्ष उभे राहावे, छायाचित्रे घ्यावीत, काढलेला भाग पाहिल्याशिवाय तो भंगारात जाऊ देऊ नये.

तोंडी तक्रारीला मात्र काहीच किंमत नसते. थरथर कोणत्या गिअरमध्ये, इंजिन थंड असता की तापल्यावर, किती किलोमीटर झाले असता, हे जॉबकार्डवर ग्राहकाच्या शब्दांत उतरले पाहिजे. ‘सामान्य तपासणी’ एवढे लिहून वाटेला लावले, तर मुदत संपल्यावर तो दोष मुदतीत होता हे सिद्ध करणे जड जाते. दोष नाही असे केंद्राचे मत असेल तर तेही लेखी मागावे. तोंडाने सहज निघणारे मत कागदावर येताना पुष्कळदा सौम्य होते.

बाहेर दाखविले तर हमी जाईल, ही भीती सर्रास घातली जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये सुटे भाग व तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल चौदा मोटार उत्पादकांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. दंडाचा वाद पुढे अपिलांत गेला. पण बाहेर काम करून घेतले एवढ्यावरून सरसकट हमी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष दुरुस्तीने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असे त्या आदेशात म्हटले होते. तरीही मत घेणे वेगळे आणि स्क्रू फिरविणे वेगळे. बाहेरच्या मेकॅनिकने गाडी चालवून पाहावी, खाली वाकून पाहावे, आपले म्हणणे लिहून द्यावे. हत्यार लावू नये.

एवढ्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तेथे नवी मोटारच द्या असा हट्ट फारसा फळत नाही. २००६ मध्ये मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हमीच्या अटीनुसार सदोष भाग दुरुस्त करणे वा बदलणे एवढीच उत्पादकाची बांधिलकी मानली. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तपासणीविना ठरविता येत नाही अशा दोषाबाबत वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठविण्याची तरतूद २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. मात्र त्या तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराकडूनच भरून घेण्याचा अधिकार आयोगाला आहे, आणि अहवाल आल्यावर त्यालाही कोणत्याही पक्षाला लेखी हरकत घेता येते.