खेळाडूच्या मनाची तालीम

आचऱ्याच्या एका तरुण वाचकाचे पत्र आले आहे. मानसशास्त्र घेऊन बी. ए. केले, कबड्डीही खेळलो, आता खेळाडूंचा मानसिक प्रशिक्षक व्हायचे आहे, काय करावे, असे ते विचारतात. प्रश्न चांगला आहे. पण सामन्याआधी जोरदार भाषण ठोकले की खेळाडू पेटून उठतो, अशी या कामाची कल्पना असेल तर ती सोडावी. सामन्याच्या आदल्या रात्री झोप नाही, पोटात ढवळते, म्हणून माझ्या दवाखान्यात येणारी मुले आधीच पेटलेली असतात!

भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढते. नाडी जलद होते, श्वास उथळ होतो, स्नायू आवळतात. थोडा ताण हवाच, नाहीतर खेळ ढिला पडतो. तो प्रमाणाबाहेर गेला की सरावात सहज बोनस घेणारा चढाईपटू मध्यरेषेपाशीच घुटमळतो. चढाईला ३० सेकंद मिळतात. त्यातले १० गुणफलकाच्या विचारात गेले तर उरले किती?

यावर तालीम आहे. श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ दिला की नाडी संथ होऊ लागते. हे आधी घरी शांतपणे, मग मैदानावर दमल्यावर, मग मुद्दाम घडवलेल्या आरडाओरड्यात करून घ्यायचे. चढाईपूर्वीचा क्रम ठरवायचा : हाताला माती, एक लांब श्वास सोडणे, पहिले पाऊल कोणत्या कोपऱ्याकडे. तीच चढाई डोळे मिटून खऱ्या वेगाने मनात करून पाहायची. त्यात पकड झाल्यावर काय करायचे, हेही यायला हवे. नुसती विजयाची स्वप्ने रंगवून भागत नाही.

महाराष्ट्रात हे काम रुजवले नाशिकच्या भीष्मराज बाम यांनी. ते पोलीस सेवेतील अधिकारी. योगशास्त्राचा आधार घेऊन त्यांनी खेळाडू घडवले. सिडनी ऑलिम्पिकमध्ये २००० साली नेमबाजीची अंतिम फेरी गाठणाऱ्या अंजली भागवत आणि क्रिकेटपटू राहुल द्रविड यांना त्यांचे मार्गदर्शन लाभले. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे ‘विजयाचे मानसशास्त्र’ हे पुस्तक जरूर वाचा.

मात्र त्यांची वाट सर्वांना साधणारी नाही. आपण मानसशास्त्रात एम. ए. करावे. रुग्णांवर उपचार करणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. नुसता ‘मानसिक प्रशिक्षक’ असा फलक मात्र कोणीही लावतो, म्हणून आपली हद्द आपणच ओळखायची. दोन आठवडे झोप-जेवण तुटले, मुलगा उदास आहे, मरणाची भाषा करतो, तर तिथे श्वासाचे व्यायाम शिकवत बसू नये. त्याला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. तोवर एकटे सोडू नये. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे.

दुसरी अडचण गावातली. खेळाडूने सांगितलेले त्याचे वडील, मंडळाचे अध्यक्ष, दोघेही विचारणार. जिवाला धोका असल्याखेरीज सांगायचे नाही, हे पहिल्याच दिवशी सर्वांसमोर ठरवून घ्या.

कमाईचेही आपण विचारले आहे. केवळ यावर घर चालेल असे आपल्या जिल्ह्यात तरी मला दिसत नाही. शाळेत समुपदेशकाची किंवा शिक्षकाची नोकरी धरून हे करता येईल. पावसाळा सरला की सामने सुरू होतात. तेव्हा वही घेऊन मैदानाकडेला बसा आणि प्रत्येक चढाईआधी खेळाडू काय करतो, एवढेच एक हंगामभर टिपा.