गाडी लागणे : पुडी देण्यापूर्वीचे दोन प्रश्न

मे महिना आला की घाटरस्त्यांवरील प्रवास वाढतो आणि औषधालयांत आलेवटी, आवळासुपारी यांची मागणीही वाढते. कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला अथवा कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरीला जाणाऱ्या एस.टी.त ‘गाडी लागणे’ इतके नित्याचे, की त्याची विचारपूस करण्याची गरज ना वैद्यांस वाटते, ना विक्रेत्यांस. या उणिवेकडेच आम्ही लक्ष वेधू इच्छितो.

अंतःकर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणा वळणे व हेलकावे जाणते. हातातील पुस्तकावर खिळलेले डोळे मात्र सारे स्थिर असल्याचे सांगतात. या विसंगतीतून मळमळ, लाळ सुटणे, थंड घाम व उलटी उद्भवते. दोन ते बारा वर्षांची मुले, गर्भिणी आणि अर्धशिशीचे रुग्ण यांना हा त्रास विशेष होतो.

चरकांनी चिकित्सास्थानाच्या विसाव्या अध्यायात छर्दीचे पाच प्रकार वर्णिले असून सर्व छर्दींचे मूळ आमाशयाच्या उत्क्लेशात मानले आहे. म्हणून लंघनास अग्रस्थान. आमच्या मते प्रवासजन्य छर्दीत यानक्षोभाने वात प्रकुपित होतो व आमाशयस्थ कफास उत्क्लिष्ट करतो. डिझेलचा वास किंवा शेजाऱ्याची उलटी यांनी त्रास बळावतो, तेव्हा द्विष्टार्थसंयोगज छर्दीचे स्मरण व्हावे.

यातूनच प्रतिबंधाचा क्रम ठरतो. आदल्या रात्री लघु आहार घ्यावा. निघताना दूध व तळलेले पदार्थ टाळावेत. मात्र येथे लंघन म्हणजे कडकडीत उपवास नव्हे. छर्दिनिग्रहण गणातील लाजा, म्हणजे साळीच्या लाह्या, थोड्या खाव्यात. पुढील आसन घ्यावे, डोके टेकवून स्थिर ठेवावे, दृष्टी दूरच्या रस्त्यावर असावी. वाचन व मोबाईल बंद.

औषधांत सुंठ श्रेष्ठ. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत खवळलेल्या समुद्रावर ८० नौदल-छात्रांपैकी काहींना १ ग्रॅम आल्याचे चूर्ण दिले असता उलटी व थंड घाम यांत स्पष्ट घट आढळली. मळमळीबाबत निष्कर्ष तितका निर्णायक नव्हता. इतर सर्व चाचण्याही अनुकूल नाहीत, हे प्रांजळपणे मान्य करावे. प्रौढांस साधारण १ ग्रॅम चूर्ण मधातून, प्रवासापूर्वी अर्धा ते एक तास द्यावे. उलटी सुरू झाल्यावर दिलेले औषध पोटात टिकत नाही. आपल्या औषधांचे अपयश पुष्कळदा या उशिराचे असते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना सुंठ विचारपूर्वक द्यावी. मधुमेहींना आलेपाक देऊ नये. झोप आणणाऱ्या आधुनिक गोळ्या चालकाने घेऊ नयेत. प्रोमेथाझिन तर दोन वर्षांखालील बालकांस निषिद्धच आहे.

आता मुख्य मुद्दा. आमच्या परिचयातील एका औषधालयात बसमधून उतरलेले पंचावन्नच्या आसपासचे गृहस्थ आले. “गाडी लागली, काहीतरी द्या,” म्हणाले. विक्रेत्याने पुडी बांधता बांधता सहज विचारले, “काका, पूर्वी कधी लागत होती का?” उत्तर आले, “जन्मात नाही.” अंगाला दरदरून घाम होता, जबड्यात जडपणा होता. विक्रेत्याने पुडी बाजूला ठेवली व रिक्षा बोलावून त्यांना रुग्णालयात नेले. तो हृदयविकाराचा झटका होता. गृहस्थ वाचले, ते त्या एका प्रश्नामुळे.

म्हणून वैद्यबंधू-भगिनींनी व औषधालयचालकांनी दोन प्रश्न कधीही चुकवू नयेत : हा त्रास पूर्वीपासून आहे काय? आणि गाडीतून उतरल्यावर तो शमतो काय? उतारवयात प्रथमच झालेली उलटी, छातीत दडपण, तीव्र डोकेदुखी, बोलण्यात अडखळणे किंवा उतरूनही न थांबणारी भोवळ असल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. पुडी विकली गेली नाही, तरी त्या दिवशीची ती सर्वोत्तम चिकित्सा ठरेल.