खुब्यात साठणारा चुरा

जॉन चार्नली या ब्रिटिश अस्थिशल्यविशारदांनी 1960 नंतरच्या काळात स्वतःच्याच मांडीत दोन प्रकारच्या प्लास्टिकच्या बारीक चुऱ्याचे नमुने घालून घेतले. एक टेफ्लॉनचा, दुसरा उच्च घनतेच्या पॉलिथिनचा. काही महिन्यांत टेफ्लॉनच्या जागी गाठी हाताला लागू लागल्या आणि वाढत गेल्या. पॉलिथिनच्या जागी फारसे काही झाले नाही. 1963 मध्ये त्यांनी हे ‘लॅन्सेट’मध्ये छापले.

हा उपद्व्याप हौसेचा नव्हता. लँकेशायरमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात चार्नलींनी 1958 पासून सुमारे 300 रुग्णांच्या खुब्यात कृत्रिम सांध्याची टेफ्लॉनची वाटी बसवली होती. टेफ्लॉन फारच निसरडे आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते अत्यंत निष्क्रिय. शरीर त्याच्या वाटेला जाणार नाही, असे मानायला पूर्ण जागा होती. रुग्ण उठून चालू लागले आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा लंगडू लागले. उघडून पाहिले तर आत फिरणाऱ्या पोलादी गोळ्याने वाटी झिजवलेली, भोवती पनीरसारखा पांढरट लगदा साठलेला आणि शेजारचे हाड पोखरलेले. यातले बरेचसे खुबे चार्नलींनी स्वतःच्या हातांनी पुन्हा उघडून दुरुस्त केले.

तुकडा म्हणून टेफ्लॉन शरीराला चालत होते, चुरा म्हणून चालत नव्हते. गेल्या साठ वर्षांत कृत्रिम सांध्यांच्या शास्त्रात जे काही घडले, ते बहुतेक या एका फरकाभोवती घडले आहे.

पर्याय सापडला तो मात्र निव्वळ योगायोगाने. लँकेशायरच्या कापडगिरण्यांत मागांची दंतचक्रे बनवायला जर्मनीतून एक चिवट पॉलिथिन येई. 1962 मध्ये एका विक्रेत्याने त्याचा नमुना आणला. चार्नलींनी नख रुतवून पाहिले आणि नापसंती दाखवली. पण त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी साहेब परदेशी गेलेले असताना तो नमुना घर्षणयंत्रावर चढवला. तीन आठवडे अहोरात्र यंत्र चालले, तरी टेफ्लॉन एका दिवसात झिजे तितकेही हे झिजले नव्हते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या पॉलिथिनची वाटी पहिल्या रुग्णाला बसली. पोलादी गोळा, पॉलिथिनची वाटी आणि दोन्ही हाडात पक्के बसवायला दंतवैद्यकातून घेतलेले ॲक्रिलिक सिमेंट, हे त्रिकूट पुढे जगभर गेले. श्रेय अर्थात चार्नलींच्या नावे राहिले. क्रेव्हन यांच्या वाट्याला त्यातले फार कमी आले, असे मला वाटते.

पण पॉलिथिनही झिजते. जुन्या पद्धतीच्या वाटीतून वर्षाला साधारण 0.1 मिलिमीटर थर जातो. ऐकायला हे किरकोळ, पण त्यातून सुटणारे कण अगणित असतात आणि पुष्कळसे एक मायक्रॉनहून लहान. शरीरातल्या मॅक्रोफेज पेशींचे काम जंतू गिळण्याचे. नेमक्या जंतूंच्याच आकाराचे हे कण त्या गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग त्या दाह पेटवणारी रसायने सोडत राहतात. त्या रसायनांनी हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी जाग्या होतात आणि सांध्याभोवतीचे हाड विरू लागते. रुग्णाला वर्षानुवर्षे काही जाणवत नाही. एक्स-रेवर काळी पोकळी दिसते, तोवर सांधा हलायला लागलेला असतो. आधी सगळ्यांनी सिमेंटला दोषी धरले आणि याला ‘सिमेंटचा आजार’ म्हटले. सिमेंट न वापरलेल्या सांध्यांतही तेच दिसले, तेव्हा कुठे बोट चुऱ्याकडे वळले. 1990 च्या दशकाअखेरीस किरणोत्साराने साखळ्या एकमेकींत गुंफलेले पॉलिथिन आले आणि झीज पुष्कळच घटली.

त्याच सुमारास काही कंपन्यांनी वेगळा विचार केला. चुरा प्लास्टिकचा होतो ना, मग प्लास्टिकच काढून टाका. गोळाही कोबाल्ट-क्रोमियमचा, वाटीही त्याचीच. गोळा मोठा ठेवता येईल, सांधा निखळणार नाही, हालचाल अधिक मिळेल. मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या आपल्या देशात हे आश्वासन फार मोलाचे होते. शिवाय पाश्चात्त्य देशांत खुबा बदलतो तो बहुधा म्हाताऱ्यांचा. आपल्याकडे रक्तपुरवठा तुटून गोळा कुजलेले किंवा मणक्याच्या संधिवाताने जखडलेले तिशी-चाळिशीतले रुग्ण बरेच असतात. त्यांना सांधा चाळीस वर्षे पुरवायचा असतो.

जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा एएसआर हा सांधा 2003 मध्ये बाजारात आला. त्याची वाटी उथळ होती. ती जराशी तिरकी बसली की सगळा भार काठावर येई, दोन धातूंमधला द्रवाचा पातळ पडदा फाटे आणि धातू धातूला खरवडू लागे. निघणारा चुरा वजनाला पॉलिथिनपेक्षा कमी, पण कण नॅनोमीटरमधले आणि संख्येने कितीतरी जास्त. ते विरघळून कोबाल्ट व क्रोमियमचे आयन रक्तात जात. खुब्याभोवती गाठी वाढत, स्नायू मरत. कोबाल्ट फारच चढले तर कान, डोळे, हृदयही धोक्यात येई. हेच मिश्रधातू पॉलिथिनच्या वाटीत दशकानुदशके निमूट काम करतात. तेव्हा दोष धातूचा कमी आणि रचनेचा जास्त, असे माझे मत आहे.

हे उघडकीला आणले ते नोंदवह्यांनी. ऑस्ट्रेलियात 1999 पासून कृत्रिम सांध्यांची राष्ट्रीय नोंदणी आहे. तिथे एएसआरची पुनर्शस्त्रक्रिया इतरांहून जास्त दिसू लागली आणि 2009 च्या अखेरीस तो तिथून काढून घेतला गेला. इंग्लंड-वेल्सच्या नोंदीत पाच वर्षांत दर आठांतला सुमारे एक सांधा पुन्हा काढावा लागल्याचे दिसले. ऑगस्ट 2010 मध्ये कंपनीने तो जगभरातून परत घेतला. तोवर सुमारे 93,000 सांधे बसवून झाले होते.

भारतात असे सांधे सुमारे 4,700 जणांना बसले होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत पोलिसांत तक्रार केली, पण केंद्राची तज्ज्ञ समिती नेमली जायला 2017 उजाडले. तिने किमान 20 लाख रुपये भरपाईची शिफारस केली. पुढे 30 लाख ते 1.23 कोटी असे सूत्र ठरले. पैसे घ्यायला माणसे मात्र सापडेनात. बहुतेकांचा पत्ताच लागला नाही, कारण कोणाच्या शरीरात काय आहे याची सक्तीची राष्ट्रीय नोंद आपल्याकडे नव्हती. अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक.

म्हणून घरात कोणाचा ‘बॉल बदलला’ असेल, तर आज त्या शस्त्रक्रियेची फाइल काढून पाहा. प्रत्येक सांध्याच्या खोक्यात कंपनी, नमुना आणि लॉट क्रमांक छापलेली स्टिकरे येतात. त्यातले एक केसपेपरवर किंवा डिस्चार्ज कार्डावर चिकटवलेले असायला हवे. नसेल तर रुग्णालयाकडे लेखी मागा. सांधा धातूवर धातू असेल, तर दुखत नसले तरी रक्तातले कोबाल्ट-क्रोमियम तपासण्याविषयी डॉक्टरांना विचारा.