यंत्रालाही आडनाव कळते!

"आडनाव काय?" हा प्रश्न आपल्या समाजातील माणसाला नवीन नाही. भाड्याची खोली पाहायला जा, मुलाखतीला जा, एस.टी.त शेजारच्या प्रवाशाशी चार शब्द बोला. नुसत्या नावाने समोरच्याचे समाधान होत नाही. आता काळ बदलला. अनेक मोठ्या कंपन्यांत नोकरीचा अर्ज साहेबांच्या आधी संगणक चाळतो. कर्ज द्यावे की नाही, याचा अंदाजही संगणक बांधतो. यालाच कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. पुष्कळांना वाटते, बरे झाले, यंत्राला कुठे जात असते! पण हे खरे आहे काय? एका कृष्णवर्णीय विदुषीने हाच प्रश्न हाती घेतला. आपल्या मुलामुलींना त्यांची ओळख व्हावी, म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

लटान्या स्वीनी यांचा जन्म १९५९ साली अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात झाला. पणजोबा-पणजीने त्यांना वाढवले. एमआयटी या नामांकित संस्थेत त्यांना प्रवेश मिळाला, पण ते शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी संगणकाची कंपनी काढली. काही वर्षांनी पुन्हा पुस्तके हाती घेतली. हार्वर्ड विद्यापीठ नोकरदारांसाठी जे वर्ग चालवते, तेथून १९९५ साली त्या पदवीधर झाल्या. २००१ साली एमआयटीची संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. तेव्हा त्यांनी वयाची चाळिशी ओलांडली होती. दिवसा नोकरी करून रात्रशाळेत शिकलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना या वाटचालीचे मोल सांगायला नको.

विद्यार्थिनी असतानाच त्यांनी एक प्रयोग केला. मॅसॅच्युसेट्स राज्यातील सरकारी नोकरांच्या आजारपणाच्या नोंदी, नावे गाळून, संशोधनासाठी दिल्या जात होत्या. नाव नाही म्हणजे धोका नाही, अशी सर्वांची समजूत. स्वीनी यांनी २० डॉलर मोजून केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड ताडून पाहिले आणि खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या नोंदी शोधून काढल्या! पुढे अमेरिकेत रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेचे नियम झाले, तेव्हा या कामाची दखल घेतली गेली. एका विद्यार्थिनीचा अभ्यास कायद्यापर्यंत पोहोचला.

नंतर त्या हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाल्या. एकदा एका पत्रकारासमोर त्यांनी गूगलवर स्वतःचे नाव टाकले. शेजारी जाहिरात झळकली. या बाईंना कधी अटक झाली होती काय, असे सुचवणारी ती जाहिरात होती. त्यांना कधीच अटक झालेली नव्हती. दुसरा कोणी संतापून गप्प बसला असता. स्वीनी यांनी मोजमाप सुरू केले. दोन हजारांहून अधिक नावे तपासली. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका संकेतस्थळावर कृष्णवर्णीयांत रूढ असलेल्या नावांपुढे अटकेची जाहिरात येण्याची शक्यता गोऱ्यांच्या नावांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक होती. नोकरी देणारा नाव शोधील आणि ही जाहिरात पाहील, तर त्या उमेदवाराचे काय होणार?

आपल्याकडे काय स्थिती आहे? मिलिंद महाविद्यालयात शिकलेले प्रा. सुखदेव थोरात यांनी पॉल अ‍ॅटवेल यांच्यासह २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी नोकऱ्यांसाठी ४,८०८ अर्ज पाठवले. सारखीच पात्रता असलेल्या अर्जांत फरक फक्त नावाचा. दलित नावाच्या उमेदवाराला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावापेक्षा कमी आढळली. ही माणसांनी केलेली निवड होती. यंत्र तर जुन्या नोंदी गिरवूनच शिकते. ज्या वहीत आपली नावे वर्षानुवर्षे गाळली गेली, तीच वही यंत्राच्या हाती दिली, तर ते दुसरे काय शिकणार? आणि माणसाला निदान जाब विचारता येतो. यंत्राला कोण विचारणार?

विचारता येईल, पण त्यासाठी कायदा हवा आणि पुरावाही हवा. बाबासाहेबांच्या राज्यघटनेने भेदभावाला बंदी केली, अस्पृश्यता नष्ट केली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. युरोपीय संघाने २०२४ साली कायदा करून नोकरभरतीतील अशा यंत्रणांना अधिक जोखमीच्या वर्गात टाकले. परंतु न्यायालयात नुसता संताप चालत नाही, आकडे लागतात. ते आकडे संगणक आणि कायदा दोन्ही जाणणारा अभ्यासकच मांडू शकतो. बाबासाहेबांनी अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि बॅरिस्टरीही केली, ती उगाच नव्हे.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी संगणक शिकत असेल, तर पुढे कायदाही शिकता येतो, हे त्यांना सांगा. कायदा शिकत असेल, तर गणिताला भिऊ नकोस, असे सांगा. परदेशी शिक्षणासाठी केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. आणि जो नोकरीसाठी अर्ज करील त्याने अर्जाची प्रत जपून ठेवावी, नकार आला तर लेखी कारण मागावे. विहारातील अभ्यासवर्गात असे नकार एकत्र मांडले, तर तीच उद्याच्या संशोधनाची पहिली वही होईल.

आडनाव विचारणाऱ्याला आपल्या आजोबांनी मान वर करून उत्तर दिले. यंत्राला उत्तर देण्याची पाळी आता नातवंडांची आहे.

जयभीम!