यंदा तरी गोव्याला कप?

जबलपूरच्या सराफ्यात क्रिकेटवर वाद घालणारे ढिगाने भेटतील; एफसी गोवाचा चाहता विरळाच. तो मी! इंडियन सुपर लीगचा नवा मोसम आला की माझी आशा पुन्हा पालवते.

आठवतो का तुम्हाला २०१५ चा अंतिम सामना? फातोर्ड्यात, म्हणजे घरच्याच मैदानावर, ८७व्या मिनिटाला गोवा २-१ ने पुढे. तरी चेन्नईयिन ३-२ ने जिंकलं! २०१९ च्या अंतिम सामन्यात बंगळुरूकडून अतिरिक्त वेळेत गोल बसला, तोही आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा. रागवावं तरी कुणावर? पुढच्या मोसमात साखळीत अव्वल येऊन शील्ड मिळाली. कप मात्र हुलकावणीच देतोय.

माझं भाकीत? पहिल्या चारांत गोवा नक्की. बचावफळीने शेवटची पाच मिनिटं सांभाळली, तर पेढे माझ्याकडून!